हट्ट्यात बसून डोळ्याची बॅटरी कायदेशीर करण्याची सोपी पद्धत
(नवशिक्यांसाठी. पूर्वानुभवाची गरज नाही.)

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा पाटीवर चहा पिता पिता ज्याच्या मनात 'हे तर आपल्यालाही जमेल' असं येऊन गेलं, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. वस्तू दिसायला साधी. हातात मावेल अशी दांडी, टोकाला एलईडी, पुढे भिंग, मागे मोबाइल अडकवायला खोबण. बाहुलीसमोर नीट धरली की डोळ्याच्या आतला पडदा, त्यावरच्या शिरा आणि मज्जातंतूचा फिकट गोल दिसतो. डॉक्टर तिला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतात, फोटो काढत असेल तर फंडस कॅमेरा. गावात दोन्हीला बॅटरीच म्हणतात. 'डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारून बघितलं' एवढ्यात सगळं येतं.

नमुना बनवायला फारसं काही लागत नाही. वीस डायॉप्टरचं भिंग, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचा एलईडी आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा. संध्याकाळी घरातल्या आजोबांना खुर्चीत बसवा, खोलीत अंधार करा आणि बघा. पडदा दिसला तर अभिनंदन, तुम्ही हेल्महोल्ट्झच्या पंगतीला बसलात. त्याने डिसेंबर १८५० मध्ये बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे आपला नेत्रदर्शक मांडला, १८५१ मध्ये पुस्तिका छापली आणि कोणाकडे एक अर्जही केला नाही. त्याच्याही आधी, १८४७ मध्ये, गणकयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेजने असलंच उपकरण करून लंडनमधल्या एका डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं होतं. डॉक्टरांना त्यात विशेष काही वाटलं नाही आणि बॅबेजचं काम तिथेच थांबलं. तेव्हा नमुना पहिल्यांदा कोणाला दाखवायचा, ते विचार करून ठरवा. विकायचा मात्र कोणालाच नाही, कारण इथून पुढे कायदा लागतो.

आधी हे गिळा: बॅटरी हे औषध आहे

आपल्याकडे वैद्यकीय उपकरणं 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०' याच्या छत्राखाली येतात. बरीच वर्षं त्या कायद्याला मोजकीच उपकरणं दिसत होती: स्टेंट, हृदयाच्या झडपा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवायचं कृत्रिम भिंग वगैरे. डोळ्यात बसणारी वस्तू कायद्यात होती, डोळ्यात डोकावणारी नव्हती. ती कोणीही आणावी, कोणीही विकावी. ११ फेब्रुवारी २०२० ला केंद्राने अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२० पासून माणसाच्या रोगनिदानासाठी किंवा उपचारासाठी असलेलं प्रत्येक उपकरण कायद्याने 'औषध' झालं. त्या दिवशी सगळा देश टाळेबंदीत घरात बसला होता, त्यामुळे आपण औषध झाल्याची बातमी बऱ्याच बॅटऱ्यांना उशिरा कळली.

अधिसूचनेत सॉफ्टवेअरही आहे. म्हणजे मोबाइलमधलं फोटो वाचणारं ॲपसुद्धा औषधच. ते जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, एवढंच नियमांत दिलेलं नाही.

सवलतीचे दिवस संपले आहेत. कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गातल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना सक्तीचा झाला (ए वर्गातल्या निर्जंतुक नसलेल्या, मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना नुसती नोंदणी पुरते), सी आणि डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून. विनापरवाना 'औषध' बनवून विकल्यास कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतला जो जास्त असेल तो दंड. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला हा भाव जास्त वाटेल. पण अंधारात आजोबांच्या डोळ्यात नेमका किती उजेड सोडला, ते तुम्ही तरी मोजलं होतं का?

पायरी पहिली: एक वाक्य लिहा

हे उपकरण कशासाठी आहे, ते एका वाक्यात लिहायचं असतं. अर्जातली ही सगळ्यात छोटी जागा, आणि पुढची सगळी फरफट इथेच ठरते. नवशिक्या साधारण असं लिहितो:

'मराठवाड्याच्या मातीतून जगाला भेट! मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा, डोळ्याचा नंबर, रक्तदाब आणि लकव्याची पूर्वसूचना, सर्व काही एका क्लिकवर, तज्ज्ञाशिवाय.'

आता मोजा. सहा दावे, वर 'पूर्वसूचना', वर 'तज्ज्ञाशिवाय'. प्रत्येक दाव्याला वेगळा पुरावा लागतो. काचबिंदू म्हणालात, तर काचबिंदू असलेले आणि नसलेले रुग्ण शोधा, तज्ज्ञांकडून तपासून घ्या, मग तुमच्या बॅटरीने किती पकडले आणि किती सोडले ते दाखवा. नंबर म्हणालात, तर पडद्याचा फोटो काढणारी तुमची बॅटरी नंबर काढतच नाही, त्याचं शास्त्र निराळं. लकवा म्हणालात, तर देव तुमचं भलं करो. आणि 'तज्ज्ञाशिवाय' या एका शब्दाने निदानाची जबाबदारी डॉक्टरच्या खांद्यावरून उचलून यंत्राच्या अंगावर टाकली. ती पेलेल असं यंत्र वरच्या वर्गात बसतं. जेवढी फुशारकी, तेवढा वरचा वर्ग. हे सूत्र अर्जाच्या शेजारी भिंतीवर चिकटवा.

मग एकेक शब्द खोडत जा. मराठवाड्याची माती आधी खोडा, तिला पुरावा लागत नाही पण जागा फार लागते. शेवटी असं काहीतरी उरलं पाहिजे: 'प्रशिक्षित व्यक्तीने डोळ्याचा पडदा पाहण्यासाठी व त्याचे छायाचित्र घेण्यासाठी हातात धरायचे उपकरण.' हे वाचून तुमच्या मेव्हण्यालाही काही वाटणार नाही. वाक्य जमलं.

खरी गंमत यापुढे होते. अर्जात माणूस संतासारखा लिहितो आणि शिबिराच्या पत्रकात पैलवानासारखा. 'पडदा पाहण्यासाठी' म्हणून मिळालेल्या परवान्यावर 'काचबिंदू ओळखा' असं बॅनर वसमतच्या बसस्टँडसमोर लागतं. ते बॅनर, ते पत्रक, व्हॉट्सॲपवर फिरणारा तो व्हिडिओ, सगळे दावेच आहेत. निरीक्षक ते वाचतो. त्याच्याही घरी कोणीतरी ते पाठवलेलं असतं.

जाता जाता: इथून जवळच, औंढा नागनाथच्या बाजूला, लायगोची गुरुत्वलहरी वेधशाळा उभी राहते आहे. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारव्या भागाहूनही लहान हालचाल मोजणारं यंत्र. त्याला या नियमांतला एकही फॉर्म भरावा लागत नाही, कारण ते कोणाच्या आजाराविषयी काही बोलत नाही. यंत्र किती बारीक आहे, याच्याशी परवान्याला देणंघेणं नसतं. ते रुग्णाबद्दल काय म्हणतं, तेवढंच बघतात.

पायरी दुसरी: आपला वर्ग आणि आपलं कार्यालय

'वैद्यकीय उपकरण नियम, २०१७' १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यांत उपकरणांचे चार वर्ग केले आहेत: ए, बी, सी, डी. शाळेच्या उलट, इथे डी हा सगळ्यात कडक. दिसणाऱ्या उजेडाने शरीर नुसतं उजळणाऱ्या वस्तूशी वर्गवारी मवाळपणे वागते, निदानाला हात घातला की वरची पायरी. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने एकेका वैद्यकशाखेच्या उपकरणांच्या याद्या काढल्या आहेत, त्यांत डोळ्यांची यादी वेगळी आहे. तिच्यात आपल्या वस्तूचं नाव आणि त्यापुढचं वर्णन शोधा. वर्णन तुमच्या पहिल्या पायरीतल्या वाक्याशी जुळलं पाहिजे, तुमच्या मनातल्या वाक्याशी नव्हे.

ए आणि बी वर्गाचं उत्पादन असेल तर परवाना राज्याचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा. मुख्यालय मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. सी आणि डी असेल तर दिल्ली, कोटला रोड. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस मुंबईला जाते आणि सचखंड दिल्लीला, पण तिकीट काढू नका, अर्ज ऑनलाइन आहे. गाडीऐवजी आता रेंजची वाट बघायची.

इथे एक जण नक्की विचारतो, की परदेशातून तयार बॅटऱ्या मागवून त्यांवर आपल्या नावाचं स्टिकर लावलं तर? लावा. मग तुम्ही आयातदार झालात, आणि आयात कुठल्याही वर्गाची असो, परवाना लागला तर तो दिल्लीचाच. नमुना एमडी-१४ भरा, एमडी-१५ मिळवा.

पायरी शून्य

ही पायरी इथे आली, कारण आधी सांगितली असती तर तुम्ही पुस्तिका तिथेच मिटली असती. चाचणीसाठी, प्रात्यक्षिकासाठी थोडे नग बनवायचे असले तरी त्याचा परवाना वेगळा असतो. अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३. पीव्हीसी पाइप आता कपाटात ठेवा.

पायरी तिसरी: घराणं

सोयरीक जुळवताना मुलगा काय करतो याआधी मुलगा कोणाचा हे विचारतात, तसंच इथे चालतं. तुमच्यासारखंच उपकरण, त्याच कामासाठी, त्याच तऱ्हेने चालणारं, आधी मंजूर झालेलं आहे का? असेल तर त्याच्याशी आपली बरोबरी दाखवायची. नसेल तर आधी एमडी-२२ भरून माणसांवरच्या चाचणीची परवानगी, मग एमडी-२६ भरून नव्या जातीच्या उपकरणाची परवानगी. नवं काही शोधून काढण्याची शिक्षा सगळीकडे अशीच असते. अमेरिकेतही १९७६ च्या कायद्यापासून हीच रीत आहे. तिथली ५१०(के) नावाची वाट म्हणजे आधीच्या एखाद्या उपकरणाशी समानता दाखवण्याची वाट, आणि ते आधीचं उपकरणही बहुधा त्याच्या आधीच्याशी समानता दाखवूनच आलेलं असतं.

सुदैवाने तुमचं घराणं ठीक आहे. बंगळुरूच्या फोरस हेल्थची थ्रीनेत्र मालिका, तिथल्याच रेमिडिओचा 'फंडस ऑन फोन', फिनलंडच्या ऑप्टोमेडचा हातात धरायचा ऑरोरा कॅमेरा, ही सगळी भाऊबंद. पण नंबर काढायची बॅटरी डोक्यात असेल तर तुमचे पूर्वज नाशिकचे. रमेश रासकर मूळ नाशिकचे, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. एमआयटीतल्या त्यांच्या गटाने २०१० मध्ये 'नेत्र' नावाची युक्ती मांडली. मोबाइलच्या पडद्यावर एक स्वस्त प्लॅस्टिकचं भिंगाचं टोपण लावायचं, आत डोकवायचं, दिसणाऱ्या रेघा बटणाने एकमेकींवर आणायच्या, आणि त्या हालचालीतून फोन नंबर काढतो. त्यात डोळ्याचा पडदा कोणी बघत नाही. दोन्ही हातात धरायची, दोन्ही डोळ्यांची, तरी गोत्र वेगळं. एकाच्या मंजुरीवर दुसऱ्याचं लग्न लागत नाही.

पायरी चौथी: पाडा, घासा, तापवा

खर्च इथे होतो आणि मजाही इथेच येते. भारतीय मानक असेल तर ते, नसेल तर आयएसओ आणि आयईसीची आंतरराष्ट्रीय मानकं, असा नियम आहे. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांचं मुख्य मानक आयईसी ६०६०१-१. वाचायला रुक्ष आहे, पण लिहिणाऱ्यांनी दवाखाने पाहिलेले आहेत, हे पानोपानी कळतं.

हातात धरायचं उपकरण हातातून पडणार, हे त्यांना मान्य आहे. म्हणून ते पाडून बघतात. वापराच्या उंचीवरून किंवा एक मीटरवरून, जे जास्त असेल तिथून, तीन वेगवेगळ्या बाजूंनी, काँक्रीटवर आडव्या ठेवलेल्या ५० मिलिमीटर जाडीच्या टणक लाकडी फळीवर. पडल्यावर धोका निर्माण होता कामा नये, ही अट. भिंग शाबूत राहणं ही तुमची हौस.

मग अक्षरं. उपकरणावरची छपाई हाताने घासून बघतात. पाण्यात भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद, मग इथेनॉलने १५ सेकंद, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने १५ सेकंद. त्यानंतरही वाचता आलं पाहिजे. हट्ट्याच्या उत्पादकाने यात स्वतःची चौथी फेरी घालावी: हळदीच्या हातांची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ज्यांनी ती शिजवली, वाळवली, पॉलिश केली त्यांचेच हात ही बॅटरी धरणार आहेत किंवा ढकलून देणार आहेत. पिवळ्या डागाखाली धोक्याची सूचना वाचता येते का, हे कुठलंच मानक विचारत नाही. तुम्ही विचारा.

उजेडासाठी वेगळं मानक आहे, आयएसओ १५००४-२. नवशिक्याचा पाय इथे हमखास घसरतो. मोतीबिंदूने धुरकट झालेल्या डोळ्यातून पडदा दिसेना, की तो एलईडी वाढवतो. स्वस्त पांढऱ्या एलईडीचा मुख्य भार निळ्याकडे असतो, आणि पडद्याला प्रकाशरासायनिक इजा करण्यात निळा उजेडच पुढे. इजा उजेडाच्या तीव्रतेवर ठरते, तशी वेळेवरही. डॉक्टर काही सेकंदांत बघून मोकळा होतो, शिकाऊ माणूस 'जरा थांबा हं आजी' करत दोन मिनिटं तोच झोत धरून ठेवतो. म्हणून मोजमाप शिकाऊ माणसाला धरून करा. या मानकात उपकरणांचे दोन गट आहेत, धोका नसलेली आणि धोका संभवणारी. दुसऱ्या गटात गेलात तर वापरणाऱ्याला ते लेखी सांगावं लागतं.

आता तापमान. डोळ्यांच्या उपकरणांची मानकं वापराची जागा साधारण १० ते ३५ अंशांची धरून चालतात. मार्चनंतर हट्ट्यात अशी जागा सापडत नाही. पारा चाळिशीपार, वीज गेलेली, शिबिर शाळेच्या पत्र्याच्या वर्गात. तुम्ही माहितीपत्रकात ३५ लिहिलंत तर कायद्याने सुटलात, कारण एप्रिल-मे महिन्यांतला प्रत्येक वापर हा 'सूचनांविरुद्ध वापर' ठरतो. ४५ लिहिलंत तर भट्टीत ठेवून सिद्ध करावं लागतं, लिथियम बॅटरीची हमी द्यावी लागते, खर्च वाढतो. माझं मत विचाराल तर ४५ लिहा. बंगळुरूच्या हवेत बसलेल्या किंवा फिनलंडच्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला हा आकडा सुचायला वेळ लागतो. तुम्हाला तो दारातच मिळतो. पहिल्या पायरीत खोडलेल्या सगळ्या फुशारक्यांच्या बदल्यात ही एक करून घ्या.

ब्लूटूथ ठेवणार? मग दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता. चार्जर देणार? त्याची भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीची नोंदणी. डोळ्याभोवती टेकणारं रबर लावणार? त्वचेला चालतं का, त्याची जैवचाचणी. ब्लूटूथ काढून टाका. आजोबांना त्याचं काही नव्हतं.

पायरी पाचवी: फाईल

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या अटी वैद्यकीय उपकरण नियमांच्या पाचव्या परिशिष्टात आहेत. सार एवढंच, की लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. एलईडी कुठून आणला, कोणत्या खेपेतला, कोणी तपासला, तपासणाऱ्याला कोणी शिकवलं, शिकवल्याची सही कुठे. धोक्यांची यादी आणि प्रत्येक धोक्यावर काय केलं, ते आयएसओ १४९७१ प्रमाणे. पहिल्या महिन्यात हा छळ वाटतो. सहाव्या महिन्यात एका खेपेतल्या बॅटऱ्या मंद पडतात आणि कोणत्या कोणत्या परत बोलवायच्या हे पाच मिनिटांत कळतं, तेव्हा मत बदलतं. निदान त्या दिवसापुरतं.

पायरी सहावी: फी

ए किंवा बी वर्गाच्या उत्पादन परवान्यासाठी एमडी-३ भरा. जागेचे ५,००० रुपये आणि प्रत्येक उपकरणाचे ५००. परवाना एमडी-५ म्हणून येतो. ए वर्गात आधी तपासणी होत नाही, परवान्यानंतर १२० दिवसांत होते. बी वर्गात अधिसूचित संस्थेचे लोक आधी येऊन बघून जातात. सी-डी वर्गांना जागेचे ५०,००० आणि प्रत्येक उपकरणाचे १,०००. पहिल्या पायरीत 'पूर्वसूचना' खोडली त्याची किंमत इथे कळते.

पायरी सातवी: पुरावा (आजोबा चालणार नाहीत)

आजोबा हा पुरावा का नाही, ते नीट समजून घ्या. एक तर ते एकटेच. दुसरं, ते नातलग. तिसरं, बॅटरी डोळ्याला लावण्याआधीच त्यांनी 'पोराचं यंत्र लई भारी आहे' असं पारावर सांगून टाकलेलं.

पुरावा कसा असतो, त्याचा नमुना मुंबईत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहाच्या रुग्णांचे पडदे मोबाइलला जोडलेल्या रेमिडिओच्या कॅमेऱ्याने टिपले गेले. फोटो काढणारी व्यक्ती आरोग्य कर्मचारी होती, असे कॅमेरे चालवण्याचा व्यवसाय तिचा नव्हता. फोनमधलंच सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय फोटो वाचत होतं. तेच फोटो डोळ्यांच्या तज्ज्ञांनी वेगळे वाचले. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात आकडे मांडले: २१३ रुग्ण, पुढे पाठवण्याजोगा आजार पकडण्याची संवेदनशीलता १०० टक्के, आजार नसलेल्यांना वगळण्याची विशिष्टता ८८.४ टक्के. शंभर टक्के वाचून नवशिक्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याने त्याच ओळीतला पुढचा कंस वाचावा: विश्वासाची मर्यादा ७८.२ पासून सुरू होते, कारण आजार असलेली माणसं थोडीच होती. कंसात काय आहे ते लपवणं हीसुद्धा फुशारकीच.

दुसरा नमुना थायलंडचा. गूगलच्या सॉफ्टवेअरने प्रयोगशाळेत नाव कमावलं होतं. प्रत्यक्ष दवाखान्यांत पहिल्या सहा महिन्यांत त्याला १,८३८ फोटो दिले गेले आणि त्यांतल्या २१ टक्क्यांना त्याने नाकारलं, कारण उजेड आणि खोली त्याच्या मनाजोगती नव्हती. खिडकीला पडदा नसलेल्या कुठल्याही वर्गखोलीत हेच होणार. तेव्हा 'किती फोटो वाचताच आले नाहीत' हा आकडा स्वतःहून अर्जात द्या. मागितला नाही तरी द्या. तुमच्या सगळ्या कागदांत खरा वाटणारा आकडा कदाचित तेवढाच असेल.

'पुढे पाठवण्याजोगा' या शब्दांपाशी मात्र मी अडकतो. पुढे म्हणजे वसमत, हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर परभणी-नांदेड. मधुमेही माणसाच्या पडद्यावर रक्त दिसलं, बॅटरीने बरोबर सांगितलं, कागद छापून निघाला. एका दिवसाची मजुरी, सोबत येणारा मुलगा, एसटी, आणि लेसरवाले डॉक्टर त्या दिवशी असतील का, हे कोणत्याही नमुन्यात, एमडी-१ पासून शेवटच्यापर्यंत, विचारलेलं नाही. विचारायला हवं असं माझं म्हणणं नाही, परवान्याचं ते कामच नव्हे. पण बॅटरी विकताना 'अंधत्व दूर करा' असं लिहिण्याआधी हे एकदा आठवा. पडदा बघितल्याने तो बरा होत नाही.

शिबिरात हमखास येणारे प्रश्न

'ह्यानं शुगर कळती का?' नाही, मामा. शुगरने पडदा खराब झाला का, ते बघता येतं.

'मग नंबर?' नाही.

'मोतीबिंदू?' फोटो धुरकट आला तर शंका येते. पण आपल्या वाक्यात मोतीबिंदू नाही, म्हणून मी काही बोलत नाही. नेत्र चिकित्सा अधिकारी बोलतील.

'मंग कामून आणली ही?' या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पायरीतल्या वाक्यात आहे. ते मामांना वाचून दाखवा. मामांना पटलं तर तुमचं वाक्य खरोखर चांगलं आहे.

'एफडीए पास हाय म्हणं?' सावकाश उत्तर द्या. महाराष्ट्राचं प्रशासन एफडीए, अमेरिकेचं तेही एफडीए. अमेरिकेच्या यादीत कारखान्याचं नाव नोंदलेलं असणं वेगळं आणि उपकरणाला ५१०(के) मिळालेली असणं वेगळं. सोनेरी कडांचं 'नोंदणी प्रमाणपत्र' कोणी दाखवलं तर तो कागद अमेरिकेच्या एफडीएने दिलेला नसतो. ती नोंदणीची अशी प्रमाणपत्रं देतच नाही. आणि खरी ५१०(के) असली तरी हट्ट्यात विकायला भारताचाच परवाना लागतो.

पायरी आठवी: विक्री

मेडिकलवाल्याकडे औषधविक्रीचा परवाना असतोच, त्यावर चालतं. चष्म्याच्या किंवा मोबाइलच्या दुकानातून विकायची असेल तर त्यांना एमडी-४२ ही नोंदणी लागते. लेबलवर उपकरणाचं नाव, खेप क्रमांक, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता सक्तीचा. म्हणजे मु. पो. हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली. फुशारकीची हौस इथे भागवून घ्या, पत्त्याला पुरावा लागत नाही.

पायरी नववी: त्यानंतर

परवाना मिळाला म्हणजे संपलं नाही. गंभीर इजेची तक्रार आली तर १५ दिवसांत कळवायची असते. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची देशभरची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम ६ जुलै २०१५ ला सुरू झाला, समन्वय गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे. दर पाच वर्षांनी परवाना चालू ठेवण्याची फी. ती विसरू नका.

बदल करायचा असेल तर त्याच नियमांचं सहावं परिशिष्ट उघडा. लेबलवरचा टंक, अक्षरांचा आकार, रंग बदलला तर मोठा बदल धरत नाहीत. ते खुशाल बदला. पहिल्या पायरीतल्या वाक्यात एक शब्द वाढवायचा असेल, समजा 'काचबिंदू', तर आधी मंजुरी, आणि वर लिहिलेलं बरंचसं पुन्हा पहिल्यापासून. एलईडीवाल्याने तो भाग बनवणं बंद केलं आणि नव्याचा उजेड वेगळा पडतो आहे, तर तोही मोठाच बदल, कारण कामगिरी बदलली. म्हणून पहिल्याच खरेदीत पुढच्या दोन वर्षांचे एलईडी एकाच खेपेतले घेऊन ठेवा, खेप क्रमांकासह फाईलला लावा, आणि त्यांतले मोबाइल दुरुस्तीवाल्याला उसने देऊ नका.